हरकतदार क्रमांक दोन

रकाना १. मिरवणूक काढणाऱ्या संस्थेचे नाव

रकाना आगपेटीएवढा होता. 'मोरया मित्रमंडळ, ग्लासगो' त्यात बसेना. नंदूने लिहिलं: एम. एम. जी.

नंदू मंडळाचा सेक्रेटरी. पोटासाठी एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. वीस वर्षं व्हिसाचे फॉर्म भरून भरून त्याचं एक तत्त्व तयार झालं होतं: विचारलं तेवढंच सांगायचं. न विचारलेलं एक अक्षर लिहिलं की पुढे त्याचे पुरावे मागतात.

रकाना २. मिरवणुकीचे कारण

वार्षिक. धार्मिक.

रकाना ३. दिनांक आणि सुरुवातीचे ठिकाण

शनिवार, ६ सप्टेंबर. कॅथलिक चर्चच्या हॉलचे पुढचे गेट.

रकाना ४. अंदाजे किती लोक

१५०.

रकाना ५. वाद्ये

ड्रम. मोठे. २४.

रकाना ६. पट्टे, टोप्या, झेंडे असल्यास त्यांचा रंग

ऑरेंज. सगळे.

रकाना ७. कौन्सिलला कळवावेसे वाटते असे आणखी काही

नाही.

रकाना ७ मध्ये काय लिहिता आलं असतं

की हा गणपती आहे.

की हा गणपती गेली एकतीस वर्षं विसर्जनाला गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून जातो. शेजारी अलकाकाकू त्याच्या मांडीवर हात ठेवून बसतात, कारण वळणावर तो पुढे झुकतो. मागून चार गाड्या, आणि सिग्नलला थांबल्यावर काचा खाली करून एकदा मोरया. त्यालाच मिरवणूक म्हणायचं.

की मंडळाचे अध्यक्ष डॉ. शशी बर्वे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त हाडांचे सर्जन, यांनी घर विकलं आहे. ऑक्टोबरमध्ये ते आणि अलकाकाकू हॅरोला मुलाजवळ राहायला जाणार. "हॅरोत गणपती काय, गल्लीगल्लीत आहेत," शशीकाका कमिटीत म्हणाले होते, "पण ते सगळे तयार आहेत. हा मी बसवला. एकदा याला पायी न्यायचंय. ढोल लावून, फेटे बांधून, रस्त्याच्या मधून. एकदाच. मग मी कुठेही मरायला मोकळा."

"हॅरोत मरायचं नाहीये आपल्याला, राहायचंय," अलकाकाकू म्हणाल्या.

साठ फेटे पुण्याहून निघालेसुद्धा होते. भगवे. भगव्याला इंग्रजीत दुसरं काय म्हणतात ते नंदूला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी एक शब्द विचारला असताना दोन लिहिणाऱ्यांतला तो नव्हता.

नोटीस बोर्ड

येऊ घातलेल्या मिरवणुकांची यादी कौन्सिल दर आठवड्याला काढते. फ्रॅन्सी डेव्हलिन ती छापून चर्च हॉलच्या नोटीस बोर्डावर लावतो आणि चष्मा लावून, बोट फिरवत वाचतो. फ्रॅन्सी हॉलचा केअरटेकर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. त्याचा डावा खुबा पंधरा वर्षांपूर्वी शशीकाकांनी बसवला. खुबा चालायला लागल्यावर फ्रॅन्सीने विचारलं होतं, डॉक्टर, तुझ्यासाठी मी काय करू. शशीकाका म्हणाले होते, हॉल दे पाच दिवस. चार वर्षं चर्चची कमिटी मानेना, मग मानली. तेव्हापासून गणपती तिथेच बसतो. फ्रॅन्सी त्याला 'तुमचा थोरला' म्हणतो.

मिरवणुकीचं शशीकाकांनी त्याला अजून सांगितलं नव्हतं. परवानगी हातात आल्यावर सांगू, आधी बोललं की काम फिसकटतं, असं त्यांचं मत.

"हे बघ," गुरुवारी चहाला गेलेल्या शशीकाकांना फ्रॅन्सी म्हणाला. त्याचं बोट यादीतल्या एका ओळीवर होतं. "एम. एम. जी. कोण हे? पन्नास वर्षांत नाव ऐकलं नाही. त्या लोकांनी नवीन लॉज काढलं असणार, नवी शाखा. चोवीस ड्रम, डॉक्टर. चोवीस. जुलैच्या मोठ्या मोर्च्यातसुद्धा एका बँडमागे इतके नसतात."

"ऑरेंजवाले का?"

"दुसरे कोण? पट्टे ऑरेंज, टोप्या ऑरेंज, झेंडे ऑरेंज. आणि सुरुवात कुठून? वाच."

शशीकाकांनी वाचलं. "आपल्या गेटवरून?"

"इतकी वर्षं ते समोरून जातात. निदान समोरून जातात. हे तर आमच्या दारातून सुरू करणार."

"यांचं नक्की काय असतं रे, फ्रॅन्सी? बत्तीस वर्षं बघतोय जुलैमध्ये. सुटीचा ट्रॅफिक समजून गाडी वळवतो."

फ्रॅन्सीने खुर्ची ओढली. त्याची इतिहास सांगायची पद्धत जागा सोडून पळणाऱ्या कुत्र्यासारखी होती. कुठूनही सुरू होऊन कुठेही. आधी सोळाशे नव्वद: बॉइन नदीच्या काठी ऑरेंज घराण्यातल्या प्रोटेस्टंट राजा विल्यमने कॅथलिक राजा जेम्सला हरवलं. मग ऐंशी वर्षं मागे: आयर्लंडच्या उत्तरेतल्या जमिनी इंग्रजांच्या राजाने काढून घेतल्या आणि इथून, स्कॉटलंडमधून, माणसं नेऊन त्यांना दिल्या. मग पुढे: कॅथलिकाला मत नाही, शाळा नाही, आणि पाच पौंडांहून महाग घोडा नाही. कुणी प्रोटेस्टंटाने समोर पाच पौंड धरले की घोडा देऊन टाकायचा.

"कितीही चांगला असला तरी?"

"चांगला असला तर नक्कीच."

मग बटाटे कुजले. लोक रस्त्यावर मेले आणि बंदरातून ओट्स भरलेली जहाजं इंग्लंडला जात राहिली. आयर्लंडच्या डोनेगॉलमधून उरलेसुरले बोटीत चढले, ग्लासगोला उतरले, गोदीवर कामाला लागले. इथे आले तर ड्रम वाजवणारे आधीच हजर.

"आम्ही सोळाशे नव्वद साली एकदा हरलो," फ्रॅन्सी म्हणाला. "पण ते दर जुलैला येऊन पुन्हा हरवून जातात. आता सप्टेंबरातही."

"सप्टेंबर किती?"

"सहा."

शशीकाका उठून उभे राहिले. "सहा? सहाला आमचं विसर्जन आहे."

"मग तुमच्याच अंगावर येणार ते."

"आमच्याच दिवशी. आमच्याच गेटवर. फ्रॅन्सी, कागद आण."

हरकतीचा मजकूर

आम्ही खाली सही करणारे नागरिक एम. एम. जी. या संस्थेच्या नियोजित मिरवणुकीस तीव्र हरकत घेत आहोत. ही संस्था या परिसरात अपरिचित आहे. प्रार्थनास्थळाच्या दारात चोवीस मोठे ड्रम बडवणे ही श्रद्धा नसून विजयाचा माज आहे. त्याच दिवशी त्याच ठिकाणी एका शांतताप्रिय समाजाचा कौटुंबिक उत्सव असून त्यातील वृद्ध व स्त्रियांना या टोळक्याचा उपद्रव होईल.

'टोळक्याचा' हा शब्द शशीकाकांचा. फ्रॅन्सीने फक्त 'माणसांचा' लिहिलं होतं.

सही क्रमांक १: फ्रॅन्सिस डेव्हलिन.

सही क्रमांक २: डॉ. शशी बर्वे.

मोरया मित्रमंडळ, व्हॉट्सअॅप ग्रुप

शशीकाका: सर्वांना सप्रेम नमस्कार. आपल्या विसर्जनाच्या दिवशी काही समाजकंटक आपल्याच गेटवर ऑरेंज मोर्चा काढत आहेत. आयरिश लोकांवर इंग्रजांनी चारशे वर्षं काय अत्याचार केले याची माहिती पुढच्या सात मेसेजमध्ये देत आहे. लिंकवर सही करावी. प्रत्येक घरातून किमान दोन.

(सात मेसेज. घोड्याचा चौथा.)

पुढचे नऊ तास: नमस्काराचे हात, नमस्काराचे हात, 'डन काका', नमस्काराचे हात, 'पाच पौंडांत घोडा हे वाचून सुन्न झालो', 'डन, आईबाबांचीही केली, ते नाशिकला आहेत, चालेल ना?'

एकशे त्रेचाळीस सह्या झाल्या. एक मेडनहेडहून आली. तो माणूस सहा वर्षांपूर्वी ग्लासगो सोडून गेला होता, ग्रुप सोडायचा राहिला होता.

नंदूनेही सही केली. न मागितलेलं लिहायचं नाही तसं न विचारलेलं वाचायचंही नाही, हे त्याच तत्त्वाचं दुसरं कलम.

कौन्सिलच्या सुनावणीचे इतिवृत्त (कौन्सिलने लिहिले त्यापेक्षा जरा सविस्तर)

हजर: सभापतीबाई. दोन सभासद. पोलीस इन्स्पेक्टर. अर्जदारातर्फे नंदू आणि मंडळाची वकील उर्वी. हरकतदारांतर्फे फ्रॅन्सी, कोट-टाय, आणि डॉ. बर्वे, कोट-टाय.

उर्वी इथेच जन्मलेली, इथेच वकील झालेली. नंदूने तिला सकाळीच फोन करून, परवानगीचं काहीतरी फॉर्मल आहे, येशील का, असं विचारलं होतं. शशीकाका आधीच येऊन बसलेले पाहून तिला आनंद झाला. मग ते कुठल्या बाजूला बसलेत ते तिने पाहिलं.

"काका, तुम्ही चुकीचा खुर्चीवर बसलात."

"नाही गं, बरोबर बसलोय. आपलं किती वाजता आहे? आधी हे एम. एम. जी.वाले उरकू दे. नंदू, तू का बसलायस त्यांच्या जागी? ऊठ, ते येतील."

नंदू उठला नाही. नंदूच्या समोर पाटी होती. पाटीवर एम. एम. जी. लिहिलं होतं. नंदू शशीकाकांकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, संगणक चालू आहे पण पडदा काळा, असं काहीतरी झालं होतं.

सभापतीबाईंनी विचारले: हरकतदारांच्या वतीने कोण बोलणार?

डॉ. बर्वे उभे राहिले. म्हणाले, चर्चच्या लोकांच्या धरून दोनशे बारा सह्या आहेत, ही काही गंमत नाही.

सभापतीबाईंनी विचारले: अर्जदार संस्थेचे अध्यक्ष उपस्थित आहेत काय? नाव डॉक्टर एस. बर्वे असे दिसते.

डॉ. बर्वे उभेच होते.

पोलीस इन्स्पेक्टरने आपले कागद एकदा उलटे आणि एकदा सुलटे धरून पाहिले.

सभापतीबाई म्हणाल्या, समितीला नीट समजून घ्यायचे आहे. मिरवणूक काढणारे टोळके आणि त्या टोळक्यापासून संरक्षण हवे असलेला शांतताप्रिय समाज, हे एकच लोक आहेत काय?

उर्वीने वेळ मागितला. दोन मिनिटे मिळाली. त्यात ती मराठीत म्हणाली, "काका, तुमचा सही दोन नंबरला आहे. नंदूदादाचा सही एकोणऐंशी नंबरला आहे. माझा आईचा सही आहे. माझा पण आहे. मी कोणाच्या विरुद्ध बोलू?"

शशीकाका फ्रॅन्सीकडे वळले. फ्रॅन्सी त्यांच्याकडे बघत नव्हता. तो समोरच्या भिंतीकडे बघत टायची गाठ सैल करत होता. मग काठी घेऊन उठला आणि, खुब्याला अजिबात न जुमानता, दार उघडून निघून गेला.

निर्णय: हरकत घेणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश लोक स्वतःवरच हरकत घेत असल्याने हरकत विचारात घेता येत नाही. मिरवणुकीस परवानगी. अट एक: प्रार्थनास्थळाच्या आधी व नंतर पन्नास यार्ड वाद्ये बंद. अट दोन: गेट चर्चच्या मालकीचे असल्याने ते उघडायचे की नाही हे चर्चने ठरवावे. ठिकाण बदलायचे असल्यास नवीन अर्ज, मुदत अठ्ठावीस दिवस.

विसर्जनाला सोळा दिवस होते.

किल्ली

चर्चचे फादर नायजेरियाचे. त्यांनी दोन्ही हात वर केले. "या शहरात माझं तिसरं वर्ष आहे. मी पापं ऐकतो. किल्लीत पडत नाही. किल्ली फ्रॅन्सीची."

फ्रॅन्सीने फोनवर एकच वाक्य सांगितलं. थोरल्याने आत हवं तितकं बसावं, नेहमीप्रमाणे गाडीतून मागल्या दाराने जावं. पण पुढच्या गेटातून ऑरेंज पट्टा आणि ड्रम बाहेर पडणार नाही, हे आपण सगळ्या पॅरिशसमोर, चर्चच्या झाडून सगळ्या लोकांसमोर बोललो आहोत, आणि ते बोलताना डॉक्टर शेजारी उभा राहून मान हलवत होता.

"मग रंग बदलू," नंदू म्हणाला. काळा पडदा जाऊन तो आता पुन्हा चालू झाला होता. पुण्याच्या फेटेवाल्याने फोनवर पाठवलेले नमुने घेऊन तो हॉलवर गेला. फ्रॅन्सीने त्याला आत घेतलं, चहा मात्र दिला नाही. खाली नंदूने लिहून आणलेलं टिपण जसंच्या तसं.

हिरवा. नाही. हिरवा म्हणजे आयरिश बाजू, मग दुसरी बाजू दगड मारेल. शिवाय सतराशे अठ्ठ्याण्णवच्या बंडात अंगावर हिरवं दिसलं म्हणून माणसं फासावर गेली. तो रंग मिरवायला नाही.

निळा. फुटबॉल. प्रोटेस्टंटांच्या क्लबचा रंग. पुढे बोलायला तयार नाही.

पांढरा. सतराशे साठच्या सुमारास शेतकरी रात्री पांढरे सदरे चढवून जमीनदारांची कुंपणं पाडायचे. त्यांनाही फाशी. मी म्हटलं, हे आता कुणाच्या लक्षात आहे? म्हणाला, माझ्या.

जांभळा. ऑरेंजवाल्यांत वरची पायरी चढली की जांभळा मिळतो. म्हणजे बढती मागितल्यासारखं.

किरमिजी. डेरी शहराचं दार ज्यांनी कॅथलिक राजाच्या तोंडावर लावून घेतलं त्यांचा. ते अजून दर वर्षी दार लावल्याचा उत्सव करतात.

पिवळा. दुष्काळात सरकारने मक्याचं पीठ वाटलं, दळलेलं धड नव्हतं, खाऊन पोटं फाटली. याच्या आजीच्या आजीने घरात पिवळं शिजवू दिलं नाही. याला अजून कस्टर्ड चालत नाही.

गुलाबी. बराच वेळ विचार केला. म्हणाला, गुलाबीवर आयर्लंडचं काही म्हणणं नाही.

कमिटी बसली. गुलाबी फेटे बांधले तर लोक विचारतील मुलीकडचे की मुलाकडचे, असं अलकाकाकू म्हणाल्या. ढोलपथकातली मुलं म्हणाली, भगवा नसेल तर ढोल घरी. आणि तेवढ्यात पुण्याहून खोका आला. खोका उघडल्यावर खोली एकदम अशी उजळली की गुलाबीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

"सोडा," शशीकाका म्हणाले. "गाडीनेच नेऊ."

घरी आल्यावर त्यांनी हॅरोला न्यायच्या पुस्तकांचे तीन खोके एका बैठकीत भरले. अलकाकाकूंनी पाहिलं, त्यात एकही पुस्तक सरळ ठेवलेलं नव्हतं. सर्जन माणूस, चमचेसुद्धा रांगेत लावणारा.

"अहो," त्या म्हणाल्या, "एकदा समोर जाऊन बोला. मिरवणुकीचं राहू दे. पंधरा वर्षांच्या ओळखीचा माणूस आहे."

शशीकाका आणि फ्रॅन्सी, हॉलचं स्वयंपाकघर, मंगळवार दुपार

शशीकाका तयारी करून गेले होते. त्यांनी सांगितलं की हा उत्सव रस्त्यावर आणला तोच मुळी इंग्रजांच्या राज्यात, सभा घेऊ देत नव्हते म्हणून. देवाला कोण अडवणार? मेळ्यांच्या गाण्यांतून इंग्रजांना शिव्या. पोलीस गाणी आधी वाचायला मागायचे. मिरवणुकीला परवाना लागायचा. तुमच्या होमरूलच्या चळवळीचं नावसुद्धा आमच्या लोकांनी उचललं. म्हणजे बघ, आपण एकाच बाकावरचे.

"मग त्यांचा रंग कशाला?"

"रंग आमचा आहे. साडेतीनशे वर्षांचा."

"भांडणही साडेतीनशे वर्षांचंच आहे."

फ्रॅन्सी बेसिनपाशी उभा राहून कप धूत होता. स्वच्छच कप होते. पाठ तशीच ठेवून त्याने विचारलं, "एक सांग, डॉक्टर. तुमच्याकडे दुसऱ्या धर्माचे लोक आहेत ना? त्यांची देवळं आहेत?"

"आहेत की. मशिदी आहेत."

"त्यांच्यासमोरून मिरवणूक जायची तेव्हा ड्रम थांबायचे?"

शशीकाकांच्या जिभेवर उत्तर होतं. अर्थातच थांबायचे, किंवा, ते वेगळं, किंवा, तिथला इतिहास जरा गुंतागुंतीचा आहे. तिन्ही उत्तरं त्यांना मराठीत आणि इंग्रजीत येत होती. पण त्यांना आजोबा आठवले. गावाकडे ओसरीवर बसून आजोबा ही गोष्ट सांगायचे, दर गणपतीत, आणि सांगताना दोन्ही हातांनी मांडीवर ठेका धरायचे. कलेक्टरचा हुकूम होता, मशिदीपुढे वाद्यं बंद. आम्ही बरोबर तिथे पोचलो की उभे राहायचो, आणि असा ठोका टाकायचो की आतले दिवे हलले पाहिजेत. सगळी पोरं हसायची. शशीकाका सगळ्यांत मोठ्याने हसायचे. तेव्हा ते सात वर्षांचे होते. नंतरही, आठवून, बरेचदा हसले होते.

"नाही," ते म्हणाले. "थांबायला सांगितलं होतं. आमचे आजोबा तिथे जास्त जोरात वाजवायचे. मुद्दाम."

फ्रॅन्सीने नळ बंद केला.

"आणि त्यांना ते आयुष्यभर आवडलं," शशीकाका म्हणाले. "मलाही."



"हे तू त्या मशिदीतल्यांना सांगायला हवं होतंस," फ्रॅन्सी म्हणाला. "मला नाही."

"हो."

"मी पन्नास वर्षं वाट बघतोय. त्या मोर्च्यातल्या एकाने यावं, आणि हेच म्हणावं. मुद्दाम वाजवतो, आवडतं म्हणून वाजवतो. परंपरा, संस्कृती वगैरे राहू दे बाजूला. एवढंच. कुणी आलं नाही." त्याने कप पुसून उलटा ठेवला. "आणि आला कोण, तर तू. भलत्याच देशातला, भलत्याच भांडणातला."

"चालत असेल तर घे."

"माझ्या आजोबांचा भाऊ तुमच्याकडे होता. सैन्यात. देवळाली. पोटाला नव्हतं म्हणून राणीची बंदूक घेतली. घरी पत्रं यायची, हवा छान आहे, आंबे आहेत. बंदूक कुणावर रोखायचा ते त्याने लिहिलं नाही. आम्हीही विचारलं नाही." त्याने फडकं वाळत टाकलं. "तुमच्या एखाद्या मिरवणुकीशेजारी उभा असेल."

"परवाना तपासत."

"बहुतेक."

दोघंही हसले नाहीत, पण फ्रॅन्सीने कपाटातून चहाचा डबा काढला.

"पन्नास यार्ड," तो म्हणाला.

"पन्नास."

"ड्रमवर एक टिचकीसुद्धा नको. मी गेटात उभा राहीन आणि ऐकेन."

"ड्रमचं वचन देतो. तोंडाचं देता येत नाही. दीडशे मराठी माणसं आहेत."

"आणि मी बोललेला शब्द मोडतोय. तो तुझ्यामुळे नाही, हे लक्षात ठेव. तो माझा मी मोडतोय."

रकाना ८. मिरवणूक पार पडल्यानंतर भरावयाचा: काही अनुचित प्रकार घडला काय?

सहा तारखेला ऊन होतं. ग्लासगोमध्ये ही अनुचितच गोष्ट.

गेट अकराला उघडलं. फ्रॅन्सी कोट-टाय घालून एका बाजूला उभा. आधी भगवे झेंडे निघाले. मग साठ फेटे. मग चोवीस ढोल, कमरेला बांधलेले, टिपरू काखेत. मग चाकांच्या ट्रॉलीवर गणपती, आणि त्याच्यापुढे हात वर धरून शशीकाका. तो हात खाली आला की ढोल सुरू, असं ठरलं होतं.

जगात कुठल्याही ढोलपथकाने केलं नसेल ते या पथकाने केलं. गप्प चाललं. मोरया म्हणायचं की नाही हे कुणी ठरवलं नव्हतं, त्यामुळे दीडशे माणसं ते कुजबुजत म्हणाली. गणपती बाप्पा, मोरया. इस्पितळाच्या वॉर्डात म्हणावं तसं. उर्वीने सवयीने शेजारणीला श्श केलं आणि मग स्वतःच हसायला लागली, तेही दाबून.

रस्त्यापलीकडच्या पबच्या दारात एक जाडजूड गृहस्थ ग्लास घेऊन उभे होते. भगवं दिसताच त्यांनी ओळखीने मूठ वर केली. झेंडे गेले, मूठ वर होती. फेटे गेले, मूठ वर होती. मग सोंड आली. मूठ हळूहळू खाली आली आणि तिने ग्लास धरला.

पन्नास यार्ड बेटिंगच्या दुकानापाशी संपत होते. नंदूने आदल्या दिवशी टेपने मोजून खडूने रेघ मारली होती. रेघ आली. नंदूने टिपरू उचललं. चोवीस टिपरं उचलली गेली. शशीकाकांचा हात वरच होता.

रेघ गेली.

"काका," नंदू दबक्या आवाजात म्हणाला, "झाले पन्नास."

शशीकाका चालत राहिले. केशकर्तनालय गेलं. बेकरी गेली. पोलीस इन्स्पेक्टर, जो अशा मोर्च्यांसोबत बावीस वर्षं चालला होता, नकाशा बघू लागला. अट मोडणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. अट संपल्यावर पाळणारे पहिलेच.

"अहो," अलकाकाकू ट्रॉलीच्या कडेने पुढे आल्या. "काय चाललंय? एकतीस वर्षं डोकं खाल्लंत ढोल, ढोल म्हणून."

"थोडं अजून."

"आता नदी येईल."

"येऊ दे. इथे बरंय."

त्यांचा दंड दुखायला लागला होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हात वर धरून कुणी चालत नाही, हे हाडांच्या सर्जनला वेगळं सांगायला नको. त्यांनी दुसऱ्या हाताने कोपर तोललं आणि चालत राहिले. मागे गर्दीत एक गडबड झाली, माणसं बाजूला झाली, आणि फरसबंदीवर काठी आपटत फ्रॅन्सी आला, लाल झालेला, धापा टाकत. गेटाला कुलूप लावायचंसुद्धा तो विसरला होता.

"डॉक्टर. तुझे पन्नास यार्ड बेटिंगच्या दुकानापाशी संपले. मी तिथून मोजत आलोय. दोनशे दहा झाले."

"खात्री करत होतो."

"कसली? मी बहिरा नाही. आणि ही काय मिरवणूक आहे? माझ्या आईची अंत्ययात्रा यापेक्षा मोठ्याने गेली." तो काठीवर रेलला. "मी शब्द मोडला तो एवढ्यासाठी नाही. वाजव, नाहीतर मी परत जाऊन गेट लावतो, आणि थोरल्याला जाऊ दे चालत डोनेगॉलला."

शशीकाकांनी हात खाली केला.

चोवीस ढोल एकदम पडले तेव्हा बेकरीची काच थरथरली आणि इन्स्पेक्टरचा नकाशा हातातून सुटला. शशीकाका हात वर न करता, पाय न उचलता, नुसते मध्येच उभे होते. माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंनी नाचत पुढे जात होती. फ्रॅन्सीने दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते. त्याचा चेहरा वाकडा झाला होता. काठी खाली पडली होती. तो काहीतरी ओरडला.

"काय?" शशीकाका ओरडले.

"म्हटलं, भयंकर आहे हे," फ्रॅन्सी ओरडला. "आमच्या त्यांच्यापेक्षाही भयंकर."

"माहितीये."

शशीकाकांनी वाकून काठी उचलली आणि त्याच्या काखेत अडकवली, कारण फ्रॅन्सी कानांवरचे हात काढायला तयार नव्हता. तसेच दोघं नदीपर्यंत गेले.